पाईपताई केशरी वायर शिकते

आमच्या बस डेपोत तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, तेवढंच. बाकी ड्रायव्हरपासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळ्यांची ती पाईपताई. एकोणीस वर्षं तिनं बसगाड्या धुतल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात मेणकापडाचा एप्रन, आणि खांद्यावर तो जाडजूड हिरवा पाईप. तिच्यापुढे गाडी उभी राहिली की चिखलाची धडगत नसायची, आणि खिडकीची काच उघडी टाकून गेलेल्या कंडक्टरचीही.

मी त्याच डेपोत गाड्यांच्या पाळ्या लावणारा कारकून. माझ्या खोलीची खिडकी बरोबर धुलाईच्या फरशीसमोर उघडते, त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलं. तिच्या घरी जे घडलं ते तिनंच मला सांगितलं. गोष्ट सांगताना हातचं राखून ठेवायची तिला सवय नाही.

तर आमच्याकडे बारा विजेच्या बसगाड्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, आवाज नाही, धूर नाही. पहिले दोन दिवस सगळा डेपो नव्या नवरीला पाहावं तसा त्यांच्याभोवती घुटमळत होता. फक्त उस्ताद लांब उभे होते. उस्ताद म्हणजे आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक. एकतीस वर्षं डिझेलच्या गाड्यांमध्ये गेली. फाटकातून गाडी आत शिरतानाच ते सांगायचे, "हिचा पट्टा सैल झालाय," आणि तो झालेलाच असायचा. नव्या गाडीखाली त्यांनी एकदा डोकं घातलं, अंगठ्याएवढ्या जाड केशरी वायरी पाहिल्या आणि डोकं बाहेर काढलं.

"डिझेल अंगावर सांडलं तर कपडे खराब होतात," ते मला म्हणाले. "ही अंगावर आली तर माणूसच खराब व्हायचा."

आता शिकवलं नव्हतं असं नाही. मुख्य कार्यालयानं संगणकावरचे धडे पाठवले होते. धडा सुरू करायचा, आवाज बंद करायचा आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत धडा आपोआप संपलेला असायचा. शेवटी पाच प्रश्न असत, पण त्यांची उत्तरं कुणीतरी संगणकामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. अशा रीतीनं उस्तादांकडे अकरा प्रमाणपत्रं जमा झाली. केशरी वायरीला त्यांचं बोटही लागलेलं नव्हतं. कार्यालयाच्या तक्त्यात मात्र आमचा डेपो शंभर टक्के शिकलेला होता.

मग गाड्या रुसायला लागल्या.

सकाळची गर्दी ओसरली की दुपारी गाड्या धुवायच्या आणि चार वाजता संध्याकाळच्या फेरीला काढायच्या, हा आमचा शिरस्ता. चौथ्या महिन्यात असं व्हायला लागलं की चार वाजता ड्रायव्हर चढतो, चावी फिरवतो, आणि समोर लाल चिन्ह पेटतं. वीज जिथे राहायला हवी तिथून झिरपतेय असा गाडीला संशय आला की ती जागची हलत नाही. रस्त्यावर लोक ताटकळतात आणि माझा फोन तापतो. गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर दुसऱ्या शहरातून यायचा, तो दुसऱ्या दिवशी. तोवर गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू झालेली असायची. "दोष आढळला नाही" असं लिहून तो परत जायचा. दोन महिन्यांत अठरा वेळा हेच झालं.

वरून पत्र आलं. तीन महिन्यांत सुधारणा झाली नाही तर या गाड्यांची दुरुस्ती बाहेर दिली जाईल आणि वर्कशॉपमधल्या माणसांना दुसरीकडे हलवलं जाईल. उस्तादांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यांनी पत्र वाचायला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे दिलं. "तूच वाच. चष्मा घरी राहिला."

त्या पत्रापाठोपाठ प्रशिक्षणाच्या नव्या मॅडम आल्या. आम्ही वर्ग झाडून घेतला, खुर्च्या मांडल्या, फळा पुसला. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "मला सहा नंबरचे रबरी बूट मिळतील का?"

पुढचे आठ दिवस ती बाई वर्गाकडे फिरकलीच नाही. नुसती डेपोभर हिंडायची आणि ज्याला त्याला एकच प्रश्न विचारायची, "काल तुमचं काम कुठे अडलं?" लोकांना वाटलं ही चौकशी आहे. दोन दिवस सगळे "कुठेच नाही" असंच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ती धुलाईच्या फरशीवर पोचली. पाईपताईनं तिच्याकडे पाहिलं, पाईपाचं तोंड बंद केलं आणि म्हणाली, "मला विचारताय होय? मला आजवर कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. त्या गाड्या रुसतात ना, त्या पाणी पितात."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे?"

"म्हणजे बघा. गाडी धुऊन झाली की पाच मिनिटांत निथळते. पण या नव्या गाड्यांतल्या काही अर्ध्या तासानंतरही मागच्या डाव्या बाजूनं ठिबकत राहतात. एक थेंब, मग थांबून एक थेंब. जुन्या गाड्या अशा कधी ठिबकल्या नाहीत. आणि ज्या ठिबकतात ना, त्याच चार वाजता अडतात. सात नंबर, नऊ नंबर, अकरा नंबर. कधीकधी चार नंबर. बाकीच्यांना मी कितीही भिजवलं तरी काही होत नाही त्यांना."

मी खिडकीत बसून ऐकत होतो. मी माझी वही उघडली. अडलेल्या अठरा फेऱ्यांत सात, नऊ आणि अकरा यांच्या मिळून पंधरा होत्या. उरलेल्या तिन्ही चार नंबरच्या. दोन महिने मी ते आकडे लिहीत होतो आणि एकदाही ते एका ओळीत ठेवून पाहिले नव्हते. मी वही घेऊन तसाच धावत खाली गेलो. घाईत चपला घालायच्या राहिल्या आणि फरशीवरच्या साबणाच्या पाण्यात घसरता घसरता वाचलो.

मॅडमनी वही पाहिली. मग पाईपताईकडे पाहिलं. "तुम्ही या गाडीचं काम शिकाल का?"

"मी?" पाईपताई म्हणाली. "मी धुणारी बाई आहे हो."

"म्हणून तर विचारतेय."

मॅनेजरसाहेबांनी आधी हात झटकले. नियमाप्रमाणे शिकायच्या जागा वर्कशॉपसाठी होत्या, धुलाईसाठी नाही. शिवाय शिकायला वेळ कुठून आणायचा, गाडी तासभर उभी ठेवली तर फेरी कोण मारणार. मॅडमनी अर्धाच तास मागितला. रोजचा, गाडीशेजारी, वर्गात नाही. आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं की दुपारच्या पाळ्या अशा बसवता येतात की रोज एक गाडी अर्धा तास मोकळी राहील. ते खरं तर मी तोवर बसवून पाहिलं नव्हतं. तीन दिवस डोकं खाजवून बसवलं, पण बसलं.

त्या संध्याकाळी पाईपताई घरी गेली ती जमिनीपासून वीतभर वर. तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. मुलगी अकरावीत, मशीनच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यास करायची. पाईपताईनं सगळं सांगितलं आणि मग एकदम खाली बसली.

"अहो, पण मला नाही जमायचं. शाळा सोडून सत्तावीस वर्षं झाली. आणि वीज आहे ती. शेकडो व्होल्ट."

शिंपीबुवांनी कापड सुईखालून काढलं. "मी शिवायला बसलो तेव्हा पहिल्या आठवड्यात बोट शिवून घेतलं होतं. आठवतं?"

"म्हणजे मी जाऊ नको?"

"अगं, म्हणजे जा. मला कुणी सांगायलाच नव्हतं बोट कुठे ठेवायचं. तुला सांगणार आहेत."

मुलीनं भौतिकशास्त्राचं पुस्तक पुढे सरकवलं आणि त्या दिवसापासून घरातली शिकवणी उलटी सुरू झाली. मुलगी शिकवायची, आई ऐकायची. व्होल्टेज म्हणजे काय हे मुलीनं पुस्तकातून समजावलं, ते काही डोक्यात शिरेना. तेव्हा आईनंच विचारलं, "म्हणजे पाईपातल्या पाण्याचा जोर का गं?" मुलगी म्हणाली, "तोच." "आणि पाईपाला चीर पडली की पाणी नको तिथे उडतं, तसं या लाल दिव्याचं?" मुलीनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आई, हे आमच्या बाईंनी इतकं सोपं करून नाही सांगितलं." दुसऱ्या दिवशी डेपोत येऊन पाईपताईनं हे वाक्य आम्हाला किमान सहा वेळा ऐकवलं.

शिकणारी माणसं दोनच, पाईपताई आणि उस्ताद. उस्ताद नाइलाजानं आले होते. कंपनीचा इंजिनियर आता आठवड्यातून दोनदा यायचा, पण मॅडमनी त्याला बजावलं होतं की तुम्ही करून दाखवायचं नाही, त्यांच्याकडून करून घ्यायचं. पहिला आठवडा नुसता हातमोज्यांचा. मोजा तोंडाकडून गुंडाळत न्यायचा, आत हवा कोंडायची आणि कानाजवळ धरून ऐकायचं. कुठे सूं आवाज आला तर मोजा बाद. मग वीज तोडायची खटकी काढायची, ती आपल्याच खिशात ठेवायची, कुलूप लावायचं, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं, आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही. पाईपताईला हे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. भीती तिला उरलीच नाही, काळजी तेवढी राहिली, आणि मॅडमना तेच हवं होतं.

पण पाना म्हटला की तिची पंचाईत. कुठला किती मापाचा, किती आवळायचा, काहीच ठाऊक नाही. तिथे उस्ताद खुलायचे. "हाताला विचार," ते म्हणायचे. "बोल्ट आधी राग धरतो, मग ऐकतो. ऐकला की थांबायचं." दोन आठवड्यांत तिचा हात बसला. उस्तादांनी तिला आपला जुना पानाही वापरायला दिला, जो ते सख्ख्या भावालाही देत नसत.

उस्तादांचं मात्र टॅबलेटपाशी अडायचं. गाडीला टॅबलेट जोडला की तिच्या मनातलं सगळं पडद्यावर येतं, पण परक्या भाषेत. उस्ताद रोज म्हणायचे, "ताई, तू वाच, चष्मा राहिला." एके दिवशी त्यांचा चष्मा खिशातून डोकावत होता. पाईपताईनं तो पाहिला. घरी जाऊन मुलीला सोबत घेऊन तिनं एक वही केली. पडद्यावर येणारा प्रत्येक इशारा जसाच्या तसा काढला, समोर चित्र, आणि खाली आपल्या भाषेत दोन ओळी. दुसऱ्या दिवशी ती वही तिनं उस्तादांच्या पुढे ठेवली.

"उस्ताद, मला हे लक्षात राहत नाही. तुम्ही जरा माझ्याकडून पाठ करून घ्या ना."

उस्तादांनी वही उघडली. बराच वेळ पानं उलटत राहिले. मग वही मिटून म्हणाले, "ताई, मला वाचता येत नाही ती भाषा. चष्म्याचा काही संबंध नाही."

"माहीत आहे."

"अकरा प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे."

"तीही पाहिलीत मी. भिंतीवरची पेन्सिल कुणाची ते पण माहीत आहे."

उस्ताद हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी ती वही मागून घेतली, आणि पुढच्या महिन्यात टॅबलेटशेजारी तिच्या छापील प्रती लटकल्या. मुखपृष्ठावर पाईपताई आणि उस्ताद, दोघांची नावं. उस्तादांनी एक प्रत घरी नेली ती आजवर परत आणलेली नाही.

गाड्यांचे रुसवे तोवर चालूच होते, पण इंजिनियर येई त्या दिवशी मागची डावी बाजू नेमकी कोरडी निघायची, आणि लाल झालेली गाडी त्याच्याशिवाय उघडायची नाही हा मॅडमचा दंडक. तीन महिन्यांची मुदत संपायला बारा दिवस होते तेव्हा तो दिवस उजाडला. दुपारी सात, नऊ आणि अकरा, तिन्ही गाड्या धुऊन झाल्या आणि साडेतीन वाजता तिन्ही लाल. इंजिनियर त्या दिवशी डेपोतच होता. मॅनेजरसाहेब खाली आले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "या दोघांना करू द्या. इंजिनियरसाहेब शेजारी उभे राहतील. चुकलं तरच हात धरायचा."

पाईपताईनं मोजे कानाशी धरले. खटकी काढली, खिशात टाकली, कुलूप लावलं. घड्याळ लावलं.

दहा मिनिटं. आयुष्यात मी एवढी लांब दहा मिनिटं पाहिली नाहीत. ड्रायव्हर जमले, कंडक्टर जमले, तिकिटाच्या खिडकीवरचाही उठून आला. साहेब म्हणाले, "पाच मिनिटांत नाही का भागणार?" पाईपताईनं मान वळवून पाहिलंही नाही. "नाही साहेब. तुम्ही बसा हवं तर."

मग मीटर. शून्य. इंजिनियरनं मान डोलावली. उस्तादांनी मागची डावी झडप उघडली, पाईपताईनं आत विजेरी मारली. तिथे केशरी वायरींची जोडणी होती आणि तिच्याखाली एक पत्र्याची खोबण. खोबण पाण्यानं काठोकाठ भरलेली.

"पाणी आत येणार हे बनवणाऱ्यांनाही माहीत असणार," ती पुटपुटली. "मग बाहेर जायची वाट ठेवलीच असेल." तिनं बोटानं खोबणीचा तळ चाचपला. एका कोपऱ्यात बोट थांबलं. "उस्ताद, इथे भोक आहे. पण वर काहीतरी चिकटलंय."

उस्तादांनी चिमटा दिला. तिनं हळूच ओढलं. नखाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा निघाला. गाडी कारखान्यातून निघताना रंगाला ओरखडा पडू नये म्हणून चिकटवतात तो. बाकी गाड्यांचा काढलेला होता, या चारांचा राहून गेला होता. तुकडा निघाला आणि पाण्याची धार सरळ उस्तादांच्या बुटात.

जोडणी वाळवली, रबरी कडी तपासली, सगळं होतं तसं बसवलं, खटकी लावली. उस्ताद स्वतः ड्रायव्हरच्या जागी चढले आणि चावी फिरवली.

शांतता. आम्ही बघतोय. कुणी तरी हळूच विचारलं, "झाली का सुरू?" विजेच्या गाडीची हीच गंमत आहे, टाळ्या कधी वाजवायच्या तेच कळत नाही. उस्तादांनी खिडकीतून अंगठा वर केला आणि गाडी गुपचूप हात-दीड हात पुढे सरकली. मग जो गलका झाला तो विचारू नका. मॅनेजरसाहेबांनी इंजिनियरला मिठी मारली, बहुधा चुकून. नऊ आणि अकरा नंबरच्या गाड्याही पाठोपाठ सुटल्या. संध्याकाळच्या फेऱ्या पंचवीस मिनिटं उशिरा निघाल्या, आणि मला पहिल्यांदाच उशिराचं कारण लिहिताना मजा आली.

पाईपताई कुठे आहे म्हणून पाहिलं तर ती पाण्याच्या टाकीमागे उभी राहून नवऱ्याला फोन करत होती. "अहो, मशीन थांबवा आधी. थांबवलं का? आता ऐका."

दुरुस्ती बाहेर गेली नाही. चार नंबरच्या गाडीतूनही तसाच तुकडा निघाला. त्यानंतरच्या तीन महिन्यांत एकही गाडी लाल झाली नाही. मॅडमनी भिंतीवरची उत्तरं पुसून टाकली आणि संगणकावरचे निम्मे धडेही. त्यांच्या जागी आता प्रत्येकाचं एक कार्ड असतं. तुम्ही काय पाहिलंत ते त्यावर नसतं, तुमच्या हाताला काय करता येतं ते असतं, आणि खाली सही शेजारी काम करणाऱ्याची लागते. सही द्यायला उस्ताद महाकंजूष आहेत. मला माझ्या कार्डावर मोज्याच्या तपासणीची सही मिळवायला त्यांनी चार खेपा घालायला लावल्या. हो, मीही शिकलो. माझी खिडकी आता बऱ्याचदा रिकामी असते.

पाईपताईची बदली वर्कशॉपात झाली. त्यासाठी साहेबांनी नियमाला वळसा घातला नाही, मॅडमनी नियमच बदलून आणला. धुलाईतून वर्कशॉपात यायला आता रीतसर वाट आहे आणि तिच्यामागून दोघीजणी त्या वाटेनं आल्यासुद्धा. मधल्या काळात ती दुसऱ्या तीन डेपोंत शिकवून आली. पहिल्या डेपोत तिचा आवाज इतका चिरकला की मागच्या रांगेतल्यानं पाणी आणून दिलं. तिसऱ्यात एक मेकॅनिक उठून म्हणाला, "धुणारी बाई आम्हाला काय शिकवणार?" तिनं त्याच्या हातात मोजा दिला आणि म्हणाली, "फाटलाय की नाही, सांगा." तो दहा मिनिटं उलटापालटा करत राहिला. शेवटी तिनं मोजा त्याच्या कानाशी धरला. नंतर त्यानंच तिला गाडीपर्यंत सोडलं आणि वाटेत पंचवीस प्रश्न विचारले.

गेल्या वर्षी ती मला म्हणाली, "गाडी पोटातून कळली, आता पुढे बसून कशी वाटते ते बघायचंय." म्हणजे तिला बस चालवायला शिकायचं होतं. साहेब आता असल्या गोष्टींना दचकत नाहीत. रविवारी आवार मोकळं असतं, तेव्हा एक ड्रायव्हर शेजारी बसतो आणि ती जमिनीवर मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंच्या मधून गाडी फिरवते. पहिल्या रविवारी तिनं पाच शंकू पाडले. नवरा आणि मुलगी कुंपणाच्या भिंतीवर बसून मोजत होते, म्हणून आकडा पक्का आहे.

परवाच्या रविवारी मीही गेलो. तिनं गाडी मागे घेतली, तिरकी, दोन शंकूंच्या मधल्या जागेत. आरशात बघत, इंच इंच. मागचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर आलं आणि थांबलं. एकही शंकू हलला नाही. ती दार उघडून खाली उतरली, मागे जाऊन स्वतः पाहून आली, आणि परत चढली.

"आता डावीकडून," ती ड्रायव्हरला म्हणाली. "तुम्ही बोलू नका हं, मी करते."